विश्लेषण : व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा श्वास कोण सांभाळते? परिचारिकेची नजर आणि आवाज निर्णायक का?

अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर थांबलेल्या नातेवाइकांना एकच वाक्य ऐकू येते, ‘पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतले आहे.’ त्यानंतर सगळ्यांचे लक्ष त्या यंत्राकडे जाते. प्रत्यक्षात यंत्र आणि फुफ्फुसे यांना जोडणारी एक साधी प्लास्टिकची नळी असते आणि रुग्णाचा जीव त्या नळीवर अवलंबून असतो. नळी घालण्याचे काम डॉक्टर बहुतेकदा मिनिटभरात करतात. ती जागेवर आणि मोकळी ठेवण्याचे काम मात्र पुढचे कित्येक दिवस, रात्रंदिवस चालते. ते प्रामुख्याने परिचारिकांच्या हाती असते. या कामात नेमके काय करावे लागते, चूक कुठे होते आणि परिचारिकेने वेळीच बोलणे जीवनमरणाचा प्रश्न का ठरतो, याचा हा आढावा.

श्वसनमार्ग व्यवस्थापन म्हणजे काय?

नाक आणि तोंडापासून फुफ्फुसांपर्यंत हवा ज्या वाटेने जाते तो श्वसनमार्ग. बेशुद्ध रुग्णाची जीभ मागे पडते, उलटी किंवा रक्त घशात साचते, न्यूमोनियात फुफ्फुसे थकतात. अशा वेळी ही वाट मोकळी ठेवणे म्हणजे श्वसनमार्ग व्यवस्थापन. त्याचे टप्पे असतात. हनुवटी उचलून जबडा पुढे घेणे ही पहिली पायरी. त्यानंतर मास्क आणि अम्बू बॅगने हवा देणे. तेवढ्याने भागत नसेल तर तोंडातून, स्वरयंत्रामधून श्वासनलिकेत नळी घातली जाते. याला इंट्युबेशन म्हणतात. नळी बरेच दिवस लागणार असेल तर गळ्याला छोटा छेद देऊन तिथून नळी बसवली जाते. ती ट्रॅकिऑस्टॉमी.

या उपचाराची सुरुवात कशी झाली?

१९५२ मध्ये डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडाम रुग्णालयात दाखल होत होते आणि यंत्रे अपुरी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी २७ ऑगस्ट रोजी १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी बसवून हाताने पिशवी दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. त्यानंतर सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून खाटेशेजारी बसून रुग्णांना हाताने श्वास दिला. मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाची ती सुरुवात मानली जाते. नंतर हाताची जागा यंत्राने घेतली. मात्र खाटेशेजारी सतत कोणीतरी असण्याची गरज तेव्हा होती तशीच आजही आहे.

अत्यवस्थ रुग्णाला नळी घालणे अधिक धोक्याचे का?

ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी आलेला रुग्ण उपाशीपोटी असतो, त्याची आधी तपासणी झालेली असते. आधी भरपूर ऑक्सिजन दिला तर निरोगी प्रौढाचा श्वास थांबल्यानंतरही त्याच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी कित्येक मिनिटे टिकते. अतिदक्षता विभागातील रुग्णाकडे हा साठाच नसतो. फुफ्फुसे आधीच आजारी, रक्तदाब ढासळलेला, पोट भरलेले. भुलीचे औषध दिल्यावर त्याची पातळी मिनिटभरातही कोसळू शकते.

हा धोका किती मोठा आहे, हे २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ‘इंट्यूब’ अभ्यासातून दिसले. २९ देशांतील २,९६४ अत्यवस्थ रुग्णांच्या या पाहणीत ४५.२ टक्के रुग्णांना नळी घालताना किंवा लगेच नंतर किमान एक गंभीर गुंतागुंत झाली. ४२.६ टक्के रुग्णांत रक्तदाब व हृदयाचे कार्य ढासळले, ९.३ टक्के रुग्णांत ऑक्सिजनची पातळी तीव्रतेने घसरली आणि ३.१ टक्के रुग्णांचे हृदय थांबले.

नळी घालण्यापूर्वी परिचारिका काय करते?

निम्मी लढाई तयारीत जिंकली जाते आणि ही तयारी मुख्यतः परिचारिकेची असते. सक्शन चालू आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, नळीच्या टोकाजवळचा फुगा फुगवून तपासला का, एक आकार लहान नळी हाताशी आहे का, अम्बू बॅगला ऑक्सिजन जोडला आहे का, सलाइनची सुई नीट चालते का, रक्तदाब वाढवणारे औषध भरून ठेवले आहे का, अशी यादी मोठ्याने वाचली जाते. कृत्रिम दात काढले जातात, डोक्याकडची बाजू उचलली जाते.

या काळात रुग्णाला पुरेसा ऑक्सिजन देणे सर्वांत महत्त्वाचे. अमेरिकेत १,३०१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रीऑक्सी’ चाचणीत साध्या ऑक्सिजन मास्कऐवजी घट्ट मास्कमधून दाबासह श्वास दिलेल्या गटात ऑक्सिजन घसरण्याचे प्रमाण १८.५ टक्क्यांवरून ९.१ टक्क्यांवर आले. साधनांचाही फरक पडतो. २०२३ मधील ‘डिव्हाइस’ चाचणीत पडद्यावर स्वरयंत्र दाखवणाऱ्या व्हिडीओ लॅरिंगोस्कोपने पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण ८५.१ टक्के होते, तर साध्या लॅरिंगोस्कोपने ७०.८ टक्के.

चमूतील कामेही आधीच वाटून घेतली जातात. नळी कोण घालणार, औषधे कोण देणार, साधने हातात कोण देणार आणि केवळ मॉनिटरकडे कोण पाहणार. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते, पण तसे नाही. नळी घालणाऱ्या डॉक्टरची नजर घशात खिळलेली असते. ‘ऑक्सिजन ९२... ८८’ असे मोठ्याने सांगणारी व्यक्तीच त्याला थांबून पुन्हा मास्कने श्वास देण्याची आठवण करून देते.

नळी योग्य जागी गेली, हे कसे कळते?

घशात श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका लगेच मागे असते. नळी चुकून अन्ननलिकेत गेली आणि ते लक्षात आले नाही, तर काही मिनिटांत मेंदूला इजा होते. छाती हलताना दिसणे, स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे, नळीत बाष्प दिसणे या खुणा फसव्या ठरू शकतात. भरवशाची खूण एकच, ती म्हणजे उच्छ्वासातून येणारा कार्बन डायऑक्साइड. तो फुफ्फुसातूनच येतो. कॅप्नोग्राफ हे यंत्र प्रत्येक श्वासाबरोबर त्याची लाट पडद्यावर दाखवते. लाट सलग दिसत नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे असेच गृहीत धरावे, हा आता जगभर शिकवला जाणारा नियम आहे. हृदय थांबलेल्या रुग्णातही छातीवर दाब देणे सुरू असेल आणि नळी जागेवर असेल, तर सहसा छोटी लाट दिसते. म्हणून ‘हृदय थांबले आहे, त्यामुळे लाट नाही’ असे समजून पुढे जाणे धोक्याचे. पडद्यावरील सपाट रेषा प्रथम कोणालाही दिसू शकते. ज्याला दिसेल त्याने ती बोलून दाखवायची असते.

नळी बसली की धोका संपतो का?

नाही. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ अ‍ॅनेस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांनी श्वसनमार्गाशी संबंधित गंभीर दुर्घटनांची देशव्यापी पाहणी केली. ती २०११ मध्ये ‘नॅप ४’ नावाने प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना झालेल्या दुर्घटनांपैकी १४ टक्के घटनांत मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झाली होती. अतिदक्षता विभागात हेच प्रमाण ६१ टक्के होते. तिथे सर्वाधिक हानी झाली ती आधी नीट बसवलेली नळी नंतर सरकल्यामुळे. गळ्यातील ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळ्यांचा त्यात मोठा वाटा होता.

नळी सरकण्याचे प्रसंग रोजचेच असतात. कूस बदलणे, चादर बदलणे, सीटी स्कॅनला नेणे, रुग्ण अर्धवट शुद्धीत येऊन हात तोंडाकडे नेणे. नुसती मान वाकवली तरी नळीचे आतील टोक सुमारे दोन सेंटीमीटर हलू शकते. म्हणून कूस बदलताना एक व्यक्ती फक्त नळी धरून उभी राहते. नळीवर सेंटीमीटरच्या खुणा असतात. प्रौढांमध्ये दाताजवळ साधारण २१ ते २३ चा आकडा येतो. प्रत्येक पाळीला परिचारिका तो वाचून नोंदवते. काल २२ होता आणि आज २५ दिसला, तर नळी आत सरकून बहुधा उजव्या फुफ्फुसाच्या शाखेत शिरली आणि डाव्या फुफ्फुसाला हवा मिळत नाही, असा संशय घेता येतो.

नळीच्या टोकाजवळच्या फुग्यालाही ‘कफ’ म्हणतात. खोकल्यातून पडणाऱ्या कफाशी त्याचा संबंध नाही. या फुग्यातील दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर इतका ठेवावा लागतो. कमी झाला तर तोंडातील लाळ व जंतू फुग्याच्या कडेने खाली झिरपून न्यूमोनिया होतो. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या भिंतीला जखम होते आणि पुढे ती अरुंद होऊ शकते. बोटाने दाबून हा अंदाज येत नाही, दाबमापक लावूनच तो मोजावा लागतो. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवणे, ब्रशने दात व तोंड स्वच्छ ठेवणे, हवेत पुरेसा ओलावा राखणे या साध्या वाटणाऱ्या गोष्टींमागेही हेच कारण असते.

सक्शन कधी आणि किती वेळ करावे?

नळी असलेला रुग्ण नीट खोकू शकत नाही. त्यामुळे छातीतील स्राव बारीक नळीने ओढून काढावा लागतो. पूर्वी ठरावीक तासांनी सक्शन करण्याची पद्धत होती. आता गरजेनुसारच करावे, असे सांगितले जाते. घरघर ऐकू येणे, नळीत स्राव दिसणे, व्हेंटिलेटरवरील दाब वाढणे, ऑक्सिजन घसरणे ही गरजेची लक्षणे. कारण सक्शनमध्ये स्रावाबरोबर हवा आणि ऑक्सिजनही ओढला जातो. त्यामुळे आधी व नंतर जादा ऑक्सिजन देणे, एका वेळी १५ सेकंदांपेक्षा अधिक वेळ न घेणे, सक्शनची नळी मुख्य नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून जाड नसणे आणि हृदयाचे ठोके मंदावले तर लगेच थांबणे हे नियम पाळले जातात. स्राव पातळ करण्यासाठी प्रत्येक वेळी सलाइन सोडण्याची जुनी सवयही आता योग्य मानली जात नाही.

अचानक ऑक्सिजन घसरू लागला तर?

रात्री तीन वाजता अलार्म वाजतो, तेव्हा खाटेजवळ सर्वांत आधी परिचारिकाच असते. अलार्म बंद करण्याआधी रुग्णाकडे पाहायचे, हा पहिला धडा. त्यानंतर चार शक्यता क्रमाने तपासल्या जातात. नळी सरकली का, स्रावाने तुंबली किंवा रुग्णाने चावली का, फुफ्फुसाभोवती हवा साठली का, की यंत्रातच बिघाड आहे? मदतीला हाक मारून व्हेंटिलेटर काढायचा आणि अम्बू बॅगने शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा. बॅग सहज दाबली गेली आणि रुग्ण सुधारला तर दोष यंत्रात आहे. बॅग कठीण लागली तर अडथळा नळीत किंवा छातीत आहे.

ट्रॅकिऑस्टॉमीच्या रुग्णाच्या खाटेशी त्याच आकाराची एक आणि एक आकार लहान अशा दोन जादा नळ्या ठेवलेल्या असाव्यात. उशाशी ठळक पाटी असणेही महत्त्वाचे. कर्करोगामुळे ज्याचे स्वरयंत्र पूर्ण काढले आहे, त्याच्या तोंडावर कितीही मास्क धरला तरी ऑक्सिजन फुफ्फुसात पोहोचत नाही. तो गळ्यातील छिद्रावरच द्यावा लागतो. धावपळीत आलेल्या डॉक्टरला ही गोष्ट पाटीवरून किंवा परिचारिकेकडूनच कळते.

परिचारिकेचा आवाज ऐकला गेला नाही तर काय होते?

या प्रश्नाचे जगभर शिकवले जाणारे उदाहरण म्हणजे इलेन ब्रॉमिली. २००५ मध्ये ब्रिटनमधील ही ३७ वर्षांची दोन मुलांची आई सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर तिचा श्वसनमार्ग मोकळा ठेवता येईना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. ऑक्सिजन सुमारे २० मिनिटे अत्यंत खाली होता. अशा स्थितीत गळ्याला छेद देऊन वाट उघडणे हा अखेरचा मार्ग असतो. एका परिचारिकेने ट्रॅकिऑस्टॉमीचा संच आणून तो तयार असल्याचे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाटेची व्यवस्था केली. पण त्यांच्या सांगण्याला प्रतिसाद मिळाला नाही. आपणच उगाच घाबरलो, असे वाटून खाटही रद्द झाली. इलेन शुद्धीवर आलीच नाही, १३ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. काय करायला हवे हे आपल्याला कळत होते, पण ते कसे बोलावे हे कळेना, असे परिचारिकांनी नंतरच्या चौकशीत सांगितले.

इलेनचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक होते. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने वरिष्ठाला धोक्याची सूचना कशी द्यावी, याचे प्रशिक्षण दिले जाते. रुग्णालयात ते का नाही, असा प्रश्न त्यांनी विचारला. कोणाला शिक्षा व्हावी यापेक्षा इतरांनी यातून शिकावे, ही त्यांची भूमिका होती. २००७ मध्ये त्यांनी ‘क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप’ ही संस्था सुरू केली.

ब्रिटनमधील २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी हा क्रमच आखून दिला. नळी घालण्याचा पहिला प्रयत्न फसला की गळ्याच्या छेदाचा संच खाटेशी आणायचा. मास्कसारख्या दुसऱ्या पर्यायाचा प्रयत्नही फसला की तो उघडायचा. ऑक्सिजन देणे अशक्य झाले की वापरायचा. म्हणजे २००५ मध्ये त्या परिचारिकेने स्वतःहून जे केले, तो आता नियम झाला आहे. संच आणणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखवणे, असा अर्थ आता उरत नाही.

भारतात स्थिती काय आहे?

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये भारतासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. अतिदक्षता विभागासाठी त्यात स्वतंत्र सूचना असून, त्या तयार करण्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील तज्ज्ञांचाही सहभाग होता. नळी योग्य जागी असल्याची खात्री करण्यासाठी कॅप्नोग्राफी वापरण्यावर त्यांत भर आहे. मात्र हे यंत्र प्रत्येक खाटेशी नसते. ‘इंट्यूब’ अभ्यासातही नळीची जागा तपासण्यासाठी त्याचा वापर साधारण एक चतुर्थांश रुग्णांतच झाल्याचे दिसले होते.

दुसरा प्रश्न मनुष्यबळाचा. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या सूचनांनुसार व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असणे इष्ट आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी, विशेषतः रात्रपाळीत, एकीवर त्याहून अधिक रुग्णांचा भार असतो. एका खाटेशी सक्शन सुरू असताना दुसऱ्या रुग्णाने नळी ओढली, तर ती दोन्हीकडे असू शकत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलने ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’ हा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. प्रशिक्षित परिचारिकेला अधिकार आणि पुरेसे सहकारी मिळाले, तरच त्याचा उपयोग होईल.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे रुग्णाला बोलता येत नाही. पण अनेकदा त्याला ऐकू येते. भेटीच्या वेळी नाव घेऊन बोलावे, आजचा वार आणि घरची खुशाली सांगावी. तो शुद्धीत असेल तर ‘तहान’, ‘दुखते’, ‘गरम होते’ असे शब्द किंवा मुळाक्षरे लिहिलेला तक्ता उपयोगी पडतो. चष्मा किंवा श्रवणयंत्र वापरत असेल तर ते आणून द्यावे. सक्शनच्या वेळी रुग्ण खोकतो, चेहरा लाल होतो. ते पाहवत नाही, पण गरजेचे असते. हात मोकळे करण्यासाठी पट्टी सोडणे, ओठ सुकले म्हणून पाणी पाजणे, उशी सारखी करताना डोके उचलणे, हे सारे परिचारिकेला विचारल्याशिवाय करू नये. आणि काही वेगळे दिसले, घरघर वाढली, नळीची पट्टी सैल वाटली, तर संकोच न करता लगेच सिस्टरला किंवा ब्रदरला सांगावे.